न हलणारा आकडा

१

निकालाच्या फळ्यावर सत्तेचाळीस या आकड्यावर तांबडी रेघ ओढलेली होती. पट्टी लावून ओढावी तशी सरळ. शेजारी त्याच खडूने एकच शब्द लिहिला होता: बाद.

सत्तेचाळीस नंबर डॉक्टरचा. अर्धं सोललेलं केळं हातात धरून ती फळ्यासमोर उभी राहिली. बुटांत वाळू होती, केसांना तळ्याचा वास होता आणि पोटऱ्या अजून आपल्या मनाने थरथरत होत्या. आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. तिन्ही पार पाडून तिने शेवटची रेषा ओलांडली तेव्हा भोंग्यावरून तिचा नंबर पुकारला गेला होता. बायकांत तिसरी. त्याला केळं सोलण्याइतकाच काय तो वेळ झाला होता.

ती भूल देणारी डॉक्टर होती. दुसरे कापाकापी करत असताना निजलेल्या माणसाचा श्वास ऐकत बसायचं, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे हातपाय गाळण्याची तिला सवय नव्हती. पण तिसरा नंबर साधा नव्हता. क्लबची ही स्पर्धा छोटी असली तरी पहिल्या तिघींना उन्हाळ्यातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी क्लबच्या चमूत जागा मिळायची. त्या एका जागेसाठी बाबांनी, क्लबमधल्या सगळ्यांच्या काकांनी, तिला तयार केलं होतं. वयाच्या पस्तिशीत, पाण्याला भिणाऱ्या मुलीला, हौदाच्या काठावरून हाका मारमारून. हिवाळ्यात बाबा गेले. जागा मिळवायची राहिली होती, ती तिने आज मिळवली होती.

तिने केळं तसंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि मुख्य पंचांच्या मंडपाकडे निघाली.

मुख्य पंच म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे त्यांना हेडबाईच म्हणायचे. समोर कुणी आलं की अजूनही त्यांची नजर आधी नखांवर जायची.

"बसा, डॉक्टर."

"नको. बसले तर उठता यायचं नाही."

"गिरणीच्या पुढचा चढ," हेडबाई म्हणाल्या. "पुढच्या सायकलवाल्याच्या पाठीला चिकटून चाललात. त्याच्या आडोशाने वारा चुकवलात. त्याचा दंड पाच मिनिटं. धावायला निघण्याआधी दंडाच्या तंबूत उभं राहून भोगायचा. आपल्याकडे तिथे कुणी कुणाला हाक मारत नाही, आपलं आपण थांबायचं. तुम्ही थांबला नाहीत. म्हणून बाद."

"मी कुणाच्या मागे नव्हतेच. गिरणीपासून वळणापर्यंत माझ्यापुढे चिटपाखरू नव्हतं."

"मोटारसायकलवरच्या पंचांनी शिट्टी मारली, कार्ड दाखवलं, नंबर पुकारला."

"मला कुणी काही दाखवलं नाही, बाई."

हेडबाईंनी पेन खाली ठेवलं. तळ्याकाठी बक्षीस समारंभासाठी दोन माणसं खुर्च्या उतरवत होती. "त्या खुर्च्या मांडून होईपर्यंत मी तुमचं ऐकेन," त्या म्हणाल्या. "नंतर निकाल पक्का, आणि चमूतली जागा चौथ्या नंबरची. मात्र नुसता तुमचा शब्द आणू नका. काहीतरी वजनाचं आणा."

डॉक्टर वळली. मागून हेडबाईंचा आवाज आला, जरा मऊ.

"काकांची मुलगी खोटं बोलेल असं मला वाटत नाही. पण पंच म्हणतात, नंबर पुकारल्यावर तुम्ही हात वर करून कबूल केलंत."

२

मोटारसायकलवरचे पंच धंद्याने चष्मेवाले. डॉक्टर गेली तेव्हा ते गाडीच्या सीटवर आडवे बसून शर्टाच्या टोकाने स्वतःचा चष्मा पुसत होते. गिऱ्हाइकांना मात्र ते कधीच तसं पुसू देत नसत.

"माझ्यावर रागावू नका, डॉक्टर. माझंही काम आहे."

"रागावले नाही. विचारायला आले. चेहरा पाहिलात?"

"हेल्मेट, गॉगल, क्लबचा निळा सूट. पाठीमागून तुम्ही सगळ्या एका साच्यातल्या गणपतीसारख्या... म्हणजे, सारख्याच दिसता हो. नंबरावरच भिस्त. तो सायकलवर पाठीशी असतो, आणि मी पाठीमागूनच आलो." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "दिवसभर मी लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेतो. मला सत्तेचाळीस वाचता येणार नाही?"

"येईल. पुढे कोण होतं?"

"बेकरीवाला. त्याची ती लाल बनियन आंधळ्यालाही दिसेल. सायकलवाली त्याच्या मागच्या चाकाला लागून. बराच वेळ. मी शिट्टी मारली, कार्ड धरलं, ओरडलो, सत्तेचाळीस! तिनं हात वर केला. बस. मी पुढे गेलो."

"हात कसा वर केला? करून दाखवा."

चष्मेवाल्यांनी डावा हात खांद्याच्या वर नेला, पंजा मागे वळवला आणि दोनदा डावी-उजवीकडे हलवला.

"पुन्हा करा. सावकाश."

त्यांनी पुन्हा केला.

"चष्मेवाले, दारात फेरीवाला आला आणि मी असा हात केला, तर तो टोपली खाली ठेवेल की पुढच्या घरी जाईल?"

चष्मेवाले स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "पुढच्या घरी जाईल," ते हळूच म्हणाले.

"म्हणजे ती 'कळलं' म्हणत नव्हती. 'मी नव्हे' म्हणत होती."

"पण नंबर तर तुमचाच होता! नीट दिसला मला. कागद फडफडत होता नुसता, खिडकीचा पडदा उडावा तसा पाठीवर उलटत होता. तरी मी दोनदा वाचला. आकडा कसा, दुकानातल्या तक्त्यासारखा. जागच्या जागी."

"कागद फडफडत होता?"

"चांगलाच."

"आणि आकडा जागच्या जागी?"

"हो. तसूभर हलला नाही."

डॉक्टरने मान जराशी कलती केली. निजलेल्या माणसाच्या श्वासात काही वावगं वाटलं की ती अशीच कान द्यायची. चष्मेवाल्यांनी पुन्हा चष्मा काढला.

"आता तुम्ही विचारलंत म्हणून," ते म्हणाले. "कागद उडतोय आणि त्याच्यावर छापलेला आकडा उडत नाही, असं होईल कसं?"

३

लाल बनियनवाला बेकरीवाला गवतावर उताणा पडला होता. त्याचे पाय झाडाच्या बुंध्याला टेकवलेले होते आणि छातीवर पावाची पिशवी होती.

"डॉक्टरताई, मी मेलो की जिवंत आहे ते सांगा आधी."

"बोलताय म्हणजे आहात. गिरणीच्या चढावर तुमच्या मागे कोण होतं?"

"मागे बघायला मान वळली तर ना! पहाटे भट्टी लावून आलोय मी. कुणीतरी होतं खरं. वाऱ्याची बाजू माझी, आराम तिचा. मी म्हटलं, जाऊ दे, आपल्या रुंदीचा कुणाला तरी उपयोग होतोय." तो हसला आणि कुशीवर वळला. "ऐका, मी सांगितलं म्हणून सांगू नका, पण वकीलबाई तुमच्यावर खार खाऊन आहेत. काकांशी भांडून शिकवणी सोडली तेव्हापासून. कोर्टातल्या माणसाला दुसऱ्याच्या नावावर काही खपवणं अवघड नाही."

"त्या दुसऱ्या आल्या. माझ्यावर खपवून त्यांना काय मिळणार?"

"तेही खरंच. मग चिमणी. चौथी आलीय. जागा तिला मिळते."

चिमणी म्हणजे शाळेतली चित्रकलेची बाई. सारखा चिवचिवाट, म्हणून चिमणी. गेली चार वर्षं ती आणि डॉक्टर एकाच हौदात, एकाच पट्ट्यात पोहत होत्या. हिवाळ्यात डॉक्टरच्या घरी येऊन, न विचारता, बाबांची औषधं कपाटातून काढून दवाखान्याला परत देऊन आली होती ती. डॉक्टरने तो विचार बाजूला ठेवला. बाजूला ठेवला, टाकून दिला नाही.

"मागून काही ऐकू आलं?"

"श्वास. जवळ होती ना अगदी. आणि मोजत होती. एक, दोन, तीन, चार, आणि चारवर जरा अडकायची. परत एक, दोन... मला झोप यायला लागली हो. कणीक मळताना मी पण मोजतो, पण असं अडकत नाही."

डॉक्टरने गवताचं एक पातं तोडलं आणि बोटाभोवती गुंडाळलं.

चारवर अडकायचं नसतं. चारवर श्वास धरायचा असतो, क्षणभर, आणि मग सोडायचा. चढावर छाती फुटायला लागली की हे करायचं, असं बाबांनी शिकवलं होतं. बाबांनी बायकांत फक्त तिघींना शिकवलं. एक ती स्वतः. दुसरी चिमणी. तिसरी, भांडून जाण्याआधी, वकीलबाई.

तिघीही आज मैदानावर होत्या.

४

वकीलबाई आपल्या गाडीच्या उघड्या डिकीत बसून पायाला बर्फ लावत होत्या.

"ये, बाद झालेल्या अशिला. कागद आण, सही दे, बसल्या जागी निकाल फिरवते. त्या चष्मेवाल्याला तर मी असा उलटा-सुलटा विचारीन की तो स्वतःचा नंबर विसरेल."

"ते नंतर. चढावर तू चार मोजतेस का, अजून?"

वकीलबाईंचा हात बर्फावर थांबला. "तुझ्या बाबांनी ते डोक्यात इतकं भरलंय की कोर्टाच्या पायऱ्या चढतानासुद्धा मोजते. माणूस हट्टी. भांडले मी त्यांच्याशी, आणि बरोबर मीच होते. पण चार मोजते." मग त्यांनी डोळे बारीक केले. "का? माझ्यावर संशय आहे होय तुझा?"

"गिरणीच्या चढावर बेकरीवाल्याच्या मागे तू होतीस?"

"मी त्याला तळ्यातून निघाल्या निघाल्याच मागे टाकलं. चढावर मी माझ्या एकटीच्या नशिबाला शिव्या देत होते. पुढे त्या पहिल्या नंबरच्या बाईसाहेब आणि मागे कुणी नाही. विचार कुणालाही."

डॉक्टर डिकीच्या कडेवर टेकली. वकीलबाईंचा नंबरचा पट्टा शेजारीच पडला होता. साधा, बाजारातला: एक लवचीक पट्टी, तिला दोन गुंड्या, आणि कागदाची वरची दोन भोकं त्यांत अडकवलेली. खालून कागद मोकळा. डॉक्टरच्या कमरेला जो होता तो वेगळा होता. बाबा पट्ट्याला जाड कॅनव्हासचा तुकडा शिवायचे आणि कागदाचे चारही कोपरे त्यावर सेफ्टी पिनांनी बसवायचे. फडफडणारा कागद म्हणजे मागे धरून ओढणारा हात, असं त्यांचं म्हणणं.

"तुझा कॅनव्हासचा पट्टा कुठाय?"

"टाकला भांडणानंतर. पोरकटपणा, दुसरं काय." वकीलबाईंनी बर्फाची पिशवी दुसऱ्या बाजूला फिरवली आणि डॉक्टरकडे न बघता म्हणाल्या, "मागच्या स्पर्धेला मी प्लास्टर घालून कुबड्यांवर आले होते बघायला. तू नव्हतीस."

"माझी ड्यूटी होती."

"काका आले होते. खुर्चीवर बसले होते, शाल पांघरून. मला वाटलं तोंड फिरवतील. तर म्हणाले, वकील, पाय मोडला तरी जीभ शाबूत आहे ना?" त्या हसल्या आणि हसू अर्ध्यात सोडलं. "पोरींना रांगेत उभं करून नंबर लावून देत होते स्वतःच्या हातानं. हात कापत होते. एकेका पिनेला हा एवढा वेळ. पण कुणाला हात लावू दिला नाही. तुला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं चिमणीनं सांगितलं असेल. सगळ्यात शेवटी तिचाच लावला."

खुर्च्यांच्या दोन रांगा मांडून झाल्या होत्या. भोंग्यातून कुणीतरी एक-दोन-तीन म्हणून बघत होतं. डॉक्टरने कमरेचा पट्टा सोडला आणि हातात धरून वाऱ्यावर हलवला. चार पिनांतला सत्तेचाळीस जागचा हलला नाही. मग तिने शेजारचा वकीलबाईंचा पट्टा उचलून हलवला. तो कागद पाखरासारखा फडफडायला लागला.

एका हातात फडफडणारा कागद. दुसऱ्या हातात न हलणारा आकडा.

"काय गं?" वकीलबाई म्हणाल्या. "चेहरा का उतरला?"

"चष्मेवाल्यांची नजर चांगली आहे," डॉक्टर म्हणाली. "त्यांनी दोन्ही पाहिलं."

५

चिमणी सायकली टांगायच्या मांडवात एकटीच होती. बाकीच्यांनी सायकली केव्हाच नेल्या होत्या. ऊन चांगलंच चढलं होतं, तरी तिने जाकीट कमरेला घट्ट गुंडाळून पुढे गाठ मारली होती. आणि गप्प होती. चिमणी गप्प बसली की शाळेतली मुलंसुद्धा ताप आहे का विचारायची.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "फारच वाईट झालं गं."

डॉक्टर समोरच्या लोखंडी आडव्या दांडीला टेकली. "तुला एक सांगते. चुकलं तर मध्येच थांबव."

चिमणीने मान हलवली.

"चष्मेवाल्यांनी गिरणीच्या चढावर एक सायकलवाली पाहिली. तिच्या पाठीवर कागद फडफडत होता आणि आकडा मात्र स्थिर होता. एका कागदाला हे जमत नाही. दोन कागदांना जमतं. वरचा नुसता दोन गुंड्यांवर लटकवलेला, वाऱ्यानं उलटणारा. त्याच्या खाली दुसरा, चारही कोपऱ्यांना पिना मारलेला. वरचा उडाला की खालचा दिसायचा. धावत्या मोटारसायकलवरून बघणाऱ्याच्या डोळ्यांनी दोन कागदांचा एक केला."

चिमणीने जाकिटाची गाठ आणखी घट्ट ओढली.

"खालचा कागद मागच्या स्पर्धेचा. क्लब तोच, छापखाना तोच, आकडे दर वेळी पहिल्यापासून वाटतात. म्हणजे कुणाचाही जुना नंबर आज कुणाच्या तरी अंगावर असणारच. आज तो माझ्या अंगावर होता, एवढंच. पंच ओरडले सत्तेचाळीस. तिचा आजचा नंबर दुसरा. तिला खरंच वाटलं, आपल्याला नाही म्हणत आहेत. तिनं हात हलवला, मी नव्हे. तिथपर्यंत ती खोटं वागली नाही."

"तिथपर्यंत," चिमणी म्हणाली.

"ती चार मोजून श्वास धरत होती. म्हणजे बाबांची विद्यार्थिनी. अशा आम्ही तिघी. मी ती नव्हे. वकील मागच्या वेळी प्लास्टरमध्ये होती, तिचा जुना नंबर असणार कुठून? शिवाय तिनं कॅनव्हास केव्हाच टाकला." डॉक्टर थांबली. "उरलीस तू."

चिमणीने जाकिटाची गाठ सोडली. बोटं रंग लागून लागून कायमची निळसर झालेली. ती गाठीत अडखळली. जाकिटाखाली पट्टा होता. वर आजचा एकावन्न. तिने तो उचलून धरला. खाली सत्तेचाळीस, कडांना पिवळट पडलेला, आणि चार कोपऱ्यांत चार पिना. चारही वाकड्या बसलेल्या. कापऱ्या हाताने बसवाव्यात तशा.

डॉक्टर त्या पिनांकडे बघत राहिली.

"काढायला गेले होते," चिमणी म्हणाली. "गेल्या आठवड्यात. पहिली पीन उघडली आणि परत लावली. म्हटलं, वरूनच लटकवू आजचा. धावताना तर पुढे येतो, दिसत नाही. सायकलवर उलटा उडेल हे डोक्यातच आलं नाही. काका असते तर कानाखाली दिली असती."

"आडोसा घेतला होतास?"

"घेतला होता. वारा समोरून आणि पाय संपलेले. दोन मिनिटं म्हणता म्हणता चढ संपला." तिने नाक पुसलं. "तंबूपाशी माझं मन मला सांगत होतं, थांब. पण नंबर तर माझा पुकारला नव्हता. मग आले. मग फळ्यावर तुझ्या नंबरावर रेघ पाहिली. मग कागद उचलून बघितला."

"तेव्हाच कळलं."

"तेव्हाच."

"आणि जाकीट गुंडाळलंस."

बाहेर खुर्च्या एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. कुणीतरी ओरडलं, अरे त्या मोडक्या मागे लावा.

"जागेसाठी?" डॉक्टरने विचारलं. "की हे कुणी बघू नये म्हणून?"

"खरं सांगू?" चिमणी म्हणाली. "दोन्ही. आधी जागेसाठी. चौथीची तिसरी होतेय म्हटल्यावर आनंदच झाला, लाज वाटते सांगायला. आणि मग हे. माझे नव्हते गं ते कुणी. तू त्यांची मुलगी, तुझ्याकडे असा एकही कागद नाही, आणि मी तो कमरेला बांधून हिंडतेय. तुला काय तोंडानं सांगणार होते?"

दुसऱ्याचा श्वास मोजायची सवय असलेल्या माणसाला स्वतःचा मोजावा लागला.

"मी हेडबाईंकडे जातेय," ती शेवटी म्हणाली. "ती जागा मला हवीय. सोडणार नाही. तू आलीस तर बरं. नाही आलीस तरी मी हे सगळं असंच सांगणार."

ती निघाली. मांडवाच्या टोकापर्यंत गेली. मागे पावलं वाजतात का, हे बघायला ती वळली नाही.

६

हेडबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चष्मेवाल्यांना बोलावलं. बेकरीवाला कुणी न बोलावताच आला, पिशवीतून पाव खात. शेवटच्या रांगेतली शेवटची खुर्ची एका माणसाच्या हातात होती आणि तो ती कुठे ठेवावी याचा विचार करत होता.

"तर्क चांगला आहे," हेडबाई म्हणाल्या. "पण तर्कच आहे, डॉक्टर. तो दुसरा कागद कुठाय?"

डॉक्टर काही बोलणार तेवढ्यात मंडपाची कनात बाजूला झाली.

"इथे आहे," चिमणी म्हणाली. पट्टा सोडून तिने हातात आणला होता. तिने तो टेबलावर ठेवला नाही, दोन्ही हातांनी आडवा धरला आणि तोंडाने फुंकर मारली. वरचा कागद उडाला. खालचा हलला नाही.

चष्मेवाले पुढे वाकले. "तोच," ते म्हणाले. "हाच तक्ता. अहो, मी चुकलो नव्हतोच!"

"चुकला होतात," हेडबाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर वाचलंत आणि चुकीचं समजलात. माझ्या शाळेत याला अर्धे मार्क मिळायचे."

बेकरीवाला खो खो हसला आणि त्याला पावाचा ठसका लागला.

हेडबाईंनी चिमणीकडे वळून विचारलं, "आडोसा घेतला होता?"

"हो, बाई."

"कळल्यावर किती वेळ गप्प बसलात?"

"कळल्यापासून आत्तापर्यंत."

हेडबाईंनी तिच्या नखांकडे पाहिलं, निळ्या नखांकडे, आणि मग चेहऱ्याकडे. "तुमचा नंबर कुणी पुकारलाच नाही, म्हणून तंबूत न थांबल्याबद्दल मी तुम्हाला बाद करू शकत नाही. आडोशाचा दंड मात्र तुमच्या वेळेत मिळवला जाईल. तुम्ही मागे जाल. गप्प बसण्याचा दंड माझ्या नियमात नाही. तो या बाईंनी ठरवावा." त्यांनी डॉक्टरकडे हात केला. "सत्तेचाळीसवरची रेघ पुसा. बायकांत तिसरी, आणि चमूत तिसरी जागा."

एवढंच. बाहेर भोंगा खरखरला आणि मुख्य पाहुण्यांच्या येण्याची घोषणा झाली. मुख्य पाहुणे अजून आलेच नव्हते.

समारंभात डॉक्टर तिसऱ्या पायरीवर उभी राहिली. दुसऱ्या पायरीवरून वकीलबाईंनी खाली वाकून तिच्या कानात विचारलं, "माझी फी?" पहिल्या रांगेतले सगळे टाळ्या वाजवत होते. चिमणी मागच्या मोडक्या खुर्चीवर होती. तीही वाजवत होती, आणि तिची खुर्ची त्या तालावर डुगडुगत होती.

लोक पांगले. तळ्यावरचा वारा पडला होता. डॉक्टर सायकल ढकलत रस्त्याला लागली तेव्हा चिमणी आपली सायकल घेऊन शेजारी आली.

"रागावलीयस?"

"हो."

"खूप?"

"अजून नीट कळलेलं नाही. उतरेल तेव्हा सांगते."

चिमणीने मान डोलावली. मग थांबली, पिशवीतून पट्टा काढला आणि पुढे केला. "हा तुझा आहे."

डॉक्टरने तो घेतला. एका वाकड्या पिनेवरून अंगठा फिरवला. ही पीन बसवायला हा एवढा वेळ लागला असणार. त्या सकाळी ती एका अनोळखी माणसाच्या उशाशी बसून होती, आणि तो माणूस जागा झाला होता, बरा होऊन घरी गेला होता. तिला त्याचा पस्तावा नव्हता. फक्त ती सकाळ तिच्याजवळ नव्हती.

तिने पट्टा चिमणीच्या हातात परत दिला.

"त्यांनी तो तुला लावला होता," ती म्हणाली. "मला दुसरं दे. त्या दिवशी ते काय काय बोलले ते सांग. गाळू नकोस, गोड करू नकोस. मला काही माहीत नाही त्यातलं."

"सगळं?"

"सगळं."

रस्त्याच्या कडेला उतरता बांध होता. डॉक्टरने सायकल गवतावर आडवी केली आणि तिच्याशेजारी बसली. बुटांतली वाळू झटकायला तिने एक बूट काढला. चिमणीही बसली. आधी तिने हात गुडघ्यांभोवती घेतले, मग सोडले, मग बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा नेहमीचा आवाज हळूहळू तिच्याजवळ परत आला.

"आले तेच भांडत," ती म्हणाली. "त्यांच्यासाठी एक माणूस खुर्ची घेऊन आला, त्याला म्हणाले, ही खुर्ची इथे का? इथून मला पाणी दिसत नाही. मी काय लोकांच्या पाठी बघायला आलोय? मग आम्ही चौघींनी ती खुर्ची त्यांच्यासकट उचलली..."